बॅचलर म्हणजे घर: जोहान्सबर्गमध्ये फ्लॅट भाड्याने घेताना

पुण्या-मुंबईत जागा शोधताना 'बॅचलर' हा शब्द आपल्याला भेटतो तो 'बॅचलर्सना मिळणार नाही' अशा पाट्यांवर. जोहान्सबर्गला आल्यावर पहिल्याच आठवड्यात जाहिरात वाचली: 'रोझबँकमध्ये बॅचलर भाड्याने देणे आहे.' आम्ही नवरा-बायको हसत सुटलो. नंतर कळलं, तिथे बॅचलर म्हणजे माणूस नव्हे, घर. एकच खोली, त्यातच ओटा, न्हाणीघर तेवढं वेगळं. आपल्या 'वन आरके'चा सख्खा भाऊ.

असे आणखी दोन-तीन शब्द जाहिराती वाचायच्या आधीच ठाऊक असलेले बरे. 'गार्डन कॉटेज' म्हणजे कुणाच्या तरी बंगल्याच्या परसात बांधलेलं छोटं स्वतंत्र घर. 'कॉम्प्लेक्स' म्हणजे कुंपण, फाटक आणि पहारेकरी असलेली वसाहत, थोडक्यात आपली सोसायटी. 'लाइट्स अँड वॉटर' म्हणजे वीज-पाण्याचा खर्च, जो भाड्यात बहुधा धरलेला नसतो. आणि एजंटने फोनवर 'दुसऱ्या रोबोला डावीकडे वळा' असं सांगितलं तर यंत्रमानव शोधू नका. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला रोबो म्हणतात.

'अनफर्निश्ड' घरात आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळतं आणि एका बाबतीत कमी. भिंतीतली कपाटं, स्वयंपाकघरातले कप्पे, विजेची शेगडी आणि तिच्याखालचा ओव्हन बहुतेक ठिकाणी असतोच. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आपलं आपण आणायचं. पंखा मात्र छताला नसतो. आम्ही पहिल्या दिवशी वर बघत राहिलो, हुकसुद्धा नव्हता. शहर समुद्रसपाटीपासून साडेसतराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो. खरा त्रास जून-जुलैत होतो. रात्री पारा शून्याजवळ जातो आणि घरं बांधताना थंडीचा फारसा विचार केलेला नसतो.

म्हणून घर बघताना पहिला प्रश्न दिशेचा विचारा. आपण उत्तर गोलार्धात वाढलो, सूर्य दक्षिणेकडे कललेला बघायची आपल्याला सवय. तिकडे सगळं उलटं असतं. हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून जाहिरातीत 'नॉर्थ फेसिंग' हे शब्द ठळक छापलेले असतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये जूनभर ऊन येत नाही आणि कपाटामागे बुरशी धरते. माझ्या सासूबाईंनी फोनवर 'दक्षिणमुखी नको हो' म्हणून बजावलं होतं. त्यांचं कारण वेगळं होतं, सल्ला मात्र तंतोतंत लागू पडला.

आता कागदपत्रं. आपल्याकडे घरमालक तुम्ही कोण आहात हे बघतो: आडनाव काय, मांसाहार करता का, लग्न झालंय का. तिथे आम्हाला यातलं कुणी काही विचारलं नाही. पण तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं आणि ते ओळ न् ओळ वाचलं. पगाराच्या तीन स्लिपा, नोकरीचं पत्र, पासपोर्ट, व्हिसा आणि पत घसरलेली नाही ना हे तपासायची परवानगी, एवढं दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. भाडं पगाराच्या साधारण ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा एजंटांचा आडाखा असतो. व्हिसा बघण्यामागे केवळ खवचटपणा नाही. २००२च्या इमिग्रेशन कायद्यानुसार, देशात बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला जाणूनबुजून घर भाड्याने देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे व्हिसा संपायला सात महिने उरले असतील तर मालक वर्षाचा करार करायला कां-कू करतो.

नव्याने आलेल्या माणसाची इथे गंमत होते. घर मिळायला बँकेचं स्टेटमेंट हवं, बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, आणि पत्ता तर घर मिळाल्यावरच येणार. यातून वाट काढायची नेहमीची रीत म्हणजे कंपनीचं पत्र दाखवायचं, भारतातलं स्टेटमेंट जोडायचं आणि एकाऐवजी दोन महिन्यांचं डिपॉझिट द्यायची तयारी ठेवायची. करार एकदा सहीशिक्क्याचा झाला की तोच पत्त्याचा पुरावा होतो.

बंगळूरची दहा महिन्यांची अनामत भरलेल्या माणसाला एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट ऐकून बरं वाटतं. दलालीही भाडेकरू देत नाही, एजंटचं कमिशन मालकाच्या खिशातून जातं. भाडेकरूकडून फार तर अर्ज तपासण्याची किंवा करार बनवण्याची छोटी फी घेतात. एजंटकडे मात्र एक कागद जरूर मागा. २०१९चा प्रॉपर्टी प्रॅक्टिशनर्स कायदा १ फेब्रुवारी २०२२पासून लागू झाला आहे. त्याखाली काम करणाऱ्या प्रत्येक एजंटकडे चालू 'फिडेलिटी फंड सर्टिफिकेट', म्हणजे एजंटगिरीचा परवाना, लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या खात्यात एक रँडही (तिथलं चलन) टाकू नका. फसवणुकीची नेहमीची तऱ्हा अशी: फोटो झकास, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी, 'मालक' परदेशात, चावी कुरियरने येणार आणि घर 'राखून ठेवायला' डिपॉझिट आजच हवं. ते फोटो दुसऱ्याच कुठल्या जाहिरातीतून उचललेले असतात. घरात पाऊल टाकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढं पाळलं तरी यातलं बहुतेक टळतं.

कराराच्या आत

भाड्याच्या घरांचा मुख्य कायदा म्हणजे १९९९चा रेंटल हाउसिंग ॲक्ट. तोंडी करारही त्यात चालतो, पण भाडेकरूने मागितलं तर मालकाला तो लेखी करून द्यावाच लागतो. त्याच्या जोडीला २००८चा ग्राहक संरक्षण कायदा येतो. आपली अकरा महिन्यांची लीव्ह अँड लायसन्सची सवय तिथे कामाची नाही. करार बहुधा एक वर्षाचा असतो आणि तो खऱ्या अर्थाने भाडेपट्टा असतो, नुसता वापराचा परवाना नव्हे.

ग्राहक कायद्याचं १४वं कलम आपल्यासारख्या फिरस्त्यांसाठी फार महत्त्वाचं. मुदतीचा करार असला तरी भाडेकरू कामकाजाच्या २० दिवसांची लेखी नोटीस देऊन मध्येच सोडू शकतो. कामकाजाचे २० दिवस म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून. कॅलेंडरवर ते महिन्याच्या जवळपास जातात. मालक त्यासाठी 'वाजवी' दंड लावू शकतो. वाजवी म्हणजे नवा भाडेकरू मिळेपर्यंत झालेलं नुकसान आणि जाहिरातीसारखा खर्च, उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं नव्हे. समजा भाडं १०,००० रँड आहे आणि तुम्ही सहा महिने आधी सोडता. मालकाने सरळ ६०,००० मागितले तर ते वाजवी म्हणता येणार नाही. घर दीड महिन्यात पुन्हा लागलं तर हिशोब त्या दीड महिन्याच्या आसपास व्हायला हवा.

पण इथे एक खाच आहे, आणि आपल्या आयटीवाल्यांचे पाय नेमके तिच्यातच अडकतात. घर तुमच्या नावावर नसून तुमच्या कंपनीच्या नावावर घेतलेलं असेल आणि मालकही कंपनी असेल, तर हे कलम लागू होत नाही. दोन कंपन्यांमधल्या कराराला ते संरक्षण नाही. मालक साधा नोकरदार असेल आणि एकच फ्लॅट भाड्याने देत असेल, तर त्याचा हा 'धंदा' धरून हे कलम लावायचं की नाही यावर वकील मंडळी वाद घालतात. म्हणून कायद्यावर विसंबून न राहता 'अमुक नोटीस देऊन, अमुक दंड भरून सोडता येईल' हे वाक्य करारातच घालून घ्यावं. सही करण्यापूर्वी मागितलं तर मालक सहसा देतो.

ग्राहक कायदा लागू असेल तर वर्ष संपायच्या आधी, कामकाजाच्या ८० ते ४० दिवसांच्या मधल्या काळात, करार संपतोय आणि पुढे काय अटी असतील हे मालकाने लेखी कळवायचं असतं. तुम्ही काहीच केलं नाही तर करार आपोआप महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो. आणि मालकाने मध्येच घर विकलं तर? घाबरायचं कारण नाही. दक्षिण आफ्रिकेत जुना रोमन-डच कायदा अजून जिवंत आहे. त्यात एक डच वचन आहे, त्याचा अर्थ 'भाडं विक्रीच्या पुढे.' घर विकलं तरी नवा मालक जुन्या करारासकट ते घेतो, तुमचं वर्ष पुरं होतं.

कराराला आणखी एक पुस्तिका जोडलेली असते, तीही वाचा. कॉम्प्लेक्समधल्या घरमालकांच्या मंडळाला 'बॉडी कॉर्पोरेट' म्हणतात आणि त्यांचे वागणुकीचे नियम भाडेकरूलाही बांधून असतात. आमच्याकडे बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी होती. दंड मालकाच्या नावावर लागतो आणि मालक तो तुमच्या भाड्याच्या बिलात चिकटवतो. चादर वाळवण्याचे पैसे आम्ही एकदा भरले आहेत.

ओट्यावरचा गोल डाग

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. पहिल्या घरात शिरलो तेव्हा बॅगा खाली टॅक्सीत होत्या आणि एजंट घाईत होता. त्याने फॉर्म पुढे केला, 'सगळं ठीक आहे ना?' मी मान डोलावली आणि सही केली. ओट्यावर शेगडीशेजारी बशीएवढा तपकिरी, गोल डाग होता. आधीच्या कुणीतरी गरम भांडं टेकवलेलं. मी तो पाहिला होता, पण फॉर्मवर लिहिला नाही. दोन वर्षांनी घर सोडताना तोच डाग बोट ठेवून मला दाखवण्यात आला. 'तुमच्याकडे तवा वापरतात ना?' आमच्या डिपॉझिटमधून अख्ख्या ओट्याचा खर्च कापला गेला. तवा आमच्याकडे होता हे खरंच होतं. डाग आमचा नव्हता हे सिद्ध करायला कागद नव्हता.

कायदा या बाबतीत भाडेकरूच्या बाजूने इतका स्वच्छ आहे की आता आठवलं तरी हळहळ वाटते. राहायला जाण्याआधी मालक किंवा त्याचा एजंट आणि भाडेकरू यांनी मिळून घर तपासायचं, मोडतोड असेल ती लिहायची आणि ती यादी कराराला जोडायची. डिपॉझिट मालकाने व्याज मिळणाऱ्या खात्यात ठेवायचं; ते व्याज भाडेकरूचं, आणि हिशोबाचा पुरावा मागायचा हक्कही त्याचाच. करार संपायच्या आधीच्या तीन दिवसांत पुन्हा दोघांनी मिळून तपासणी करायची. काही देणं नसेल तर सात दिवसांत डिपॉझिट व्याजासह परत. दुरुस्ती काढायची असेल तर वाजवी खर्च कापून, दुरुस्ती झाल्यापासून १४ दिवसांत बाकी रक्कम परत, आणि खर्चाच्या पावत्या दाखवायला मालक बांधील. भाडेकरूच तपासणीला फिरकला नाही तर मालक एकटा तपासतो आणि मुदत २१ दिवसांवर जाते.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम उलट बाजूचं आहे. मालकानेच तुमच्यासमोर तपासणी केली नाही, तर घर चांगल्या स्थितीत होतं हे त्याने मान्य केलं असं कायदा धरतो आणि डिपॉझिट पूर्ण परत द्यावं लागतं. म्हणजे तपासणी टाळणारा मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. आणि घाईत सही करणारा भाडेकरू आपलं.

दुसऱ्या घराच्या वेळी सूत्रं बायकोने हातात घेतली. एजंट बाई टॅब्लेट घेऊन आल्या होत्या, वीस मिनिटांत आटपेल असं म्हणाल्या. दीड तास लागला. हिने प्रत्येक ड्रॉवर पुरता बाहेर ओढून आत ढकलला. ओव्हनचा ट्रे काढून मागची काजळी दाखवली. दोन्ही फ्लश ओढले, शॉवरचं पाणी जाळीतून किती वेळात जातं ते उभं राहून बघितलं. गालिच्यावर जळक्या सिगारेटचा एक ठिपका निघाला, तिने त्यावर नाणं ठेवून फोटो काढला, आकार कळावा म्हणून. मग चाव्या मोजल्या: चाव्या तीन, फाटकाचे रिमोट दोन, पैकी एका रिमोटची बॅटरी मेलेली. 'हेही लिहा,' ती म्हणाली. एजंट बाईंनी लिहिलं. शेवटी त्या जरा हसून म्हणाल्या की त्यांना असे भाडेकरू आवडतात, नंतर भांडण होत नाही. ते घर सोडलं तेव्हा डिपॉझिट व्याजासकट सहाव्या दिवशी खात्यात आलं.

रोजच्या वापराने होणारी झीज मालकाची, हेही ठाऊक असू द्या. रंग फिका पडणं, गालिचा चालून चालून बसणं, नळाचा वॉशर जाणं याचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. भिंतीला खिळ्यांची सात भोकं पाडली असतील तर मात्र ती बुजवून द्या.

वीज, पाणी आणि भांडणं

बऱ्याच फ्लॅटमध्ये विजेचं मीटर प्रीपेड असतं. बँकेच्या ॲपमधून रक्कम भरली की २० आकडी नंबर येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा. सर्वात जास्त वीज गीझर खातो. गंमत म्हणजे त्याला तेही आपल्यासारखं गीझरच म्हणतात. भारनियमनाचं आपल्याला काय कौतुक, पण २०२३ साली तिथे त्याने कळस गाठला होता. २०२४च्या मार्चनंतर परिस्थिती खूप सुधारली, तरी घर बघताना इन्व्हर्टरची सोय विचारून ठेवा. अलीकडे जोहान्सबर्गमध्ये विजेपेक्षा पाणी जास्त छळतं, नळ दोन-दोन दिवस कोरडे राहतात. म्हणून कॉम्प्लेक्समध्ये 'जोजो' आहे का ते विचारा. आपण पाण्याच्या टाकीला सरसकट सिंटेक्स म्हणतो, तसं तिथे जोजो.

भाडं थकलं म्हणून मालकाने वीज-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं बेकायदा आहे. १९९६च्या राज्यघटनेतल्या २६व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही. या वाक्यामागे वर्णभेदाच्या काळात बुलडोझर फिरवून उठवलेल्या वस्त्या आहेत. जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यूमधून उठवलेली आणि लेनेशियाला पाठवलेली भारतीय कुटुंबंही त्यात आली. १९९८चा 'पाय' (PIE) या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जाणारा, बेकायदा घराबाहेर काढणं रोखणारा कायदा याच कलमाचा तपशील आहे. घरमालकांची त्यावर तक्रार असते की भाडं न देणाऱ्याला काढायला महिनोन् महिने लागतात. तक्रार अगदीच खोटी नाही. तुमची स्टेटमेंटं इतकी बारकाईने वाचतात त्याचं एक कारण हेच.

वाद झालाच तर प्रत्येक प्रांताचं रेंटल हाउसिंग ट्रिब्युनल असतं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. डिपॉझिट अडवलं, दुरुस्ती होत नाही, भाडं अवाच्या सवा वाढवलं, अशा तक्रारी तिथे जातात. त्याचा निर्णय मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या आदेशासारखाच धरला जातो. घर खाली करण्याचा आदेश मात्र ट्रिब्युनल देऊ शकत नाही, तो कोर्टाचाच. तक्रार चालू असताना भाडं भरत राहायचं. रागाच्या भरात ते थांबवणारा स्वतःची बाजू लंगडी करतो. जोहान्सबर्गच्या ब्रामफाँटेन भागातल्या एका इमारतीतल्या भाडेकरूंचं प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयात गेलं होतं, २०१२ साली त्याचा निकाल लागला. मालकाने जुने करार रद्द करून बऱ्याच वाढीव भाड्याने नवे करायला सांगितलं होतं. हे अन्याय्य आहे का याचा निकाल ट्रिब्युनलकडून घेता येईल, असं न्यायालयाने ठरवलं आणि भाडेकरूंना तिकडे जायला वेळ दिला.

शेवटी एक स्वयंपाकघरातलं. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट, त्यामुळे इथला मिक्सर तिथे चालतो. त्याचा टॉप, म्हणजे प्लग, मात्र तिथल्या भोकात बसत नाही. बसतो तो आपल्याकडे गीझर-एसीला असतो तो जाडा, सोळा अँपिअरचा तीन पिनांचा टॉप. आम्ही पहिला महिना चटणी बत्त्याने कुटली. तुम्ही निघताना कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून तसले चार टॉप घ्या आणि एक स्क्रूड्रायव्हर. पण तो हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील.